रान राखायला हिशेबनीस कशाला?
(परदेशातील वर्षावनात सेवा देण्यापूर्वीची तयारी)



गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह माझ्या घरी आली होती. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती पाच वर्षांपासून पणजीतील एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. बोर्निओ बेटावर वर्षावन वाचवण्याचे काम करणाऱ्या एका संस्थेकडे सहा महिने विनावेतन सेवा द्यावी, असे तिच्या मनात होते. त्यासाठी तिला माझे शिफारसपत्र हवे होते. वडील बराच वेळ गप्प होते. चहा संपल्यावर ते म्हणाले, "सर, रान राखपाक हिशेबनीस कित्याक जाय?"

खरे सांगायचे तर त्या क्षणी मी मनातून वडिलांच्याच बाजूचा होतो. घरावर कर्ज, धाकटा भाऊ अजून शिकतो आहे, अशा वेळी चालती नोकरी सोडायची आणि तीही झाडांसाठी? मी पत्र लगेच दिले नाही, "विचार करून कळवतो" एवढेच म्हणालो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आपल्या शाळेतून दरवर्षी मुले बाहेर पडतात. कोणी परिचारिका होते, कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी वकील, कोणी संगणकाचे काम करतो. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि पेडण्याच्या मुलांना परदेश जवळचा वाटू लागला. उद्या हाच प्रश्न दुसऱ्या एखाद्या घरात विचारला जाईल, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर मांडतो.

१. वर्षावन आणि आपले घर

जेथे वर्षातील बराच काळ भरपूर पाऊस पडतो आणि उंच झाडे बाराही महिने हिरवी राहतात, त्या रानाला वर्षावन म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन, आफ्रिकेतील काँगो आणि आग्नेय आशियातील बोर्निओ, सुमात्रा ही त्याची मोठी ठिकाणे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा फारच थोडा भाग या रानांनी व्यापला आहे, तरी जगातील सुमारे निम्म्या सजीवांच्या जाती तेथे राहतात, असे शास्त्रज्ञ मानतात.

सुमारे १६०० किलोमीटर लांबीच्या आपल्या सह्याद्रीतही असे सदाहरित रान आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. गोव्यात चोर्ला, सुर्ला, मोले, नेत्रावळी या भागांत सदाहरित रानाचे पट्टे आढळतात. तिळारी नदी घाटातून उतरून दोडामार्गमार्गे गोव्यात येते, आणि तिलाच पुढे आपण शापोरा म्हणतो. तिळारीचे पाणी कालव्यांनी पेडणे, डिचोली आणि बार्देश तालुक्यांत पोचते. डिचोलीची वाळवंटी सत्तरीच्या डोंगरांतून येते. म्हणजे सकाळी आपण जी घागर भरतो, तिच्यात रानाचा वाटा आहे.

बोर्निओदेखील आपल्या स्वयंपाकघरापासून फार दूर नाही. हे बेट इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई या तीन देशांत विभागलेले आहे. तेथील रानाचा मोठा भाग तेलताडाच्या मळ्यांसाठी तोडला गेला. या झाडापासून पामतेल मिळते, आणि ते बाहेरून विकत घेणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पहिला लागतो. आपल्या फरसाणात आणि बिस्किटांत ते तेल असते. तेव्हा त्या मुलीला बोर्निओबद्दल काही वाटले, तर ते अगदीच परके नव्हते.

२. रान कागदावरही राखले जाते

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. रान राखायला वनरक्षक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लागतात, हे कोणीही मान्य करील. बाकीच्यांचे काय काम?

आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातील एक घटना आठवा. म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये त्याच अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. तो विषप्रयोग असल्याचे तपासात पुढे आले. त्याआधी त्या परिसरात वाघाने गुरे मारली होती. ज्या घराची दुभती म्हैस जाते, त्या घराचे किती नुकसान होते हे मी पालकांना सांगायला नको. अशा वेळी अर्ज कोण लिहून देतो, पंचनामा कधी होतो, भरपाईचे पैसे आठ दिवसांत हातात पडतात की आठ महिन्यांत, यावर त्या कुटुंबाचा राग अवलंबून असतो आणि वाघाचे आयुष्यही. हे सगळे काम कारकुनाचे आणि हिशेबनिसाचे आहे.

डिचोलीकरांना दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. २०१२ साली खाणी बंद पडल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले. लिलावानंतर डिचोलीतील खाण २०२४ साली पुन्हा सुरू झाली. या साऱ्या काळात आपल्यापैकी कित्येकांचे ट्रक दारात उभे राहिले, मुलांची फी थकली, हे मी मुख्याध्यापक म्हणून जवळून पाहिले आहे. कोणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. लक्षात एवढेच घ्यावे की डोंगराचे आणि माणसांचे भवितव्य पट्ट्यांच्या मुदती, नकाशे, टनांचे आकडे आणि महसुलाचे हिशेब यांवरून ठरत होते. हे कागद वाचता येणारा माणूस गावात असणे ही गावाची गरज आहे.

३. बोर्निओतील एक दवाखाना

परदेशातील एक खरे उदाहरण पाहू. इंडोनेशियाच्या ताब्यातील बोर्निओत गुनुंग पालुंग नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. किनारी वेब ही अमेरिकन विद्यार्थिनी ओरांगउटान वानरांचा अभ्यास करण्यासाठी तेथे गेली होती. तिच्या लक्षात आले की गावकरी हौसेने झाडे तोडत नाहीत. घरात आजारपण आले की उपचाराचे पैसे उभे करण्यासाठी लाकूड विकण्यावाचून त्यांच्यापुढे मार्ग नसतो. ती परत गेली, डॉक्टर झाली, आणि २००७ साली तेथील सुकादाना गावी दवाखाना सुरू झाला. त्यात तिच्या जोडीला हॉटलिन ओम्पुसुंगू या इंडोनेशियन दंतवैद्य होत्या.

आधी त्यांनी गावोगावी बैठका घेऊन लोकांनाच विचारले, की रान राखायचे तर तुम्हाला काय हवे? लोकांनी सांगितले, परवडणारे औषधपाणी आणि सेंद्रिय शेतीचे शिक्षण. त्याप्रमाणे काम आखले गेले. पैसे नसतील तर रोपे, विणलेल्या टोपल्या किंवा श्रम देऊन उपचाराचे बिल फेडता येते. ज्या गावाने वृक्षतोड थांबवली, त्या गावाला अधिक सवलत मिळते. बाहेरून येणारे डॉक्टर स्थानिक डॉक्टरांना व परिचारिकांना शिकवतात. दहा वर्षांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी सोय नसलेल्या इतर उद्यानांशी तुलना करता येथील जंगलतोड सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसून आले.

येथे दंतवैद्याने दात तपासले आणि रान वाचले. हिंदीत ज्याला हुनर म्हणतात आणि मराठीत कसब, ते कसब नेमके ज्या गरजेला लागते तेथे नेऊन ठेवणे, हीच खरी सेवा होय.

४. माझी एक चूक

माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. नोकरीनिमित्त गोव्यात आलो तेव्हा पुस्तकातले 'वन' मला ठाऊक होते, पण राय, कुळागर, सडा हे शब्द मी येथील मुलांकडून शिकलो. ज्या झाडाला मी 'साज' म्हणत होतो, तेच महाराष्ट्रात ऐन आणि येथे माट्टी, हे कळायला मला दोन वर्षे लागली.

त्या काळात मी मोठ्या उत्साहाने वनमहोत्सव साजरा केला. शाळेजवळचा सडा मला ओसाड वाटला, म्हणून मुलांकडून तेथे आकेशियाची रोपे लावून घेतली. झाडे झपाट्याने वाढली. वार्षिक अहवालात मी त्याचे छायाचित्रही छापले. पुढे चार-पाच वर्षांनी गुरे राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "मास्तर, आमची गुरे आता चरायची कुठे?" त्या सड्यावर पावसाळ्यात गवत येत होते, श्रावणात रानफुले येत होती. आकेशिया हे ऑस्ट्रेलियाकडचे झाड आहे. गुरे त्याचा पाला खात नाहीत, आणि गळलेल्या पानांच्या जाड थराखाली दुसरे काही फारसे उगवत नाही. मी ओसाड समजलो ती जागा ओसाड नव्हती. लावण्यापूर्वी मी कोणालाही विचारले नव्हते.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. चांगल्या हेतूने बाहेरून आलेला सुशिक्षित माणूस किती नुकसान करू शकतो, याचे उदाहरण शोधायला मला बोर्निओला जावे लागत नाही.

५. तयारी घराजवळ करावी

त्या मुलीला मी शेवटी निरोप पाठवला, "पत्र देतो, पण एक अट आहे. आधी काही महिने आपल्याच रानाजवळ हेच काम करून पाहा." तिचे आजोळ सत्तरीत आहे. तेथे महिलांचा एक स्वयंसहाय्य गट भिरंडांची सोले करून विकतो. ती दर रविवारी तेथे जाऊ लागली.

पहिल्या महिन्यात तिने संगणकावर इंग्रजीत सुरेख तक्ता तयार केला. तो कोणालाच वाचता आला नाही. बायका भिरंडे टोपलीने मोजत होत्या, ही किलोने लिहीत होती. शिवाय कोणाच्या झाडाची किती भिरंडे, हे त्या तोंडीच लक्षात ठेवत आणि त्यात चूक होत नसे. मग हिने तक्ता बाजूला ठेवला आणि दोन रविवार नुसते ऐकले. त्यानंतर साध्या वहीत मराठीतून रकाने आखले : टोपल्या, मीठ, उन्हाचे दिवस, सोलांचे वजन, मिळालेला भाव. मेच्या अखेरीस कळले की वाळवणावर पाऊस पडून माल वाया गेला नाही, तर उभ्या भिरंडाचे एका वर्षाचे उत्पन्न झाड तोडून मिळणाऱ्या जळणाच्या किमतीहून पुष्कळ अधिक होते. हा हिशेब बायकांनी स्वतः वाचला. दोन झाडे तोडायची ठरली होती, ती राहिली.

अशा कामाच्या जागा आपल्याभोवती पुष्कळ आहेत.

(अ) जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यानुसार पंचायतींमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार केली जाते. ज्याला सुवाच्य लिहिता येते, छायाचित्र काढता येते, नकाशा काढता येतो, त्याला येथे काम आहे.

(आ) सत्तरीतील बांबर येथे निरंकाराची राय आहे. तेथे रानजायफळाच्या कुळातील झाडांची गोड्या पाण्याची दलदल टिकून आहे. तसेच रान डिचोलीच्या शेजारी, दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथेही आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. ही राने देवाच्या धाकाने आणि गावाच्या शिस्तीने वाचली आहेत. पाहायला गेल्यास गावकऱ्यांची परवानगी घ्यावी आणि पायताण कोठे काढायचे ते विचारावे. परदेशातील रानातही असेच नियम असतात. त्यांचा आदर करण्याची सवय येथेच लागते.

(इ) सत्तरीतील केरी गावचे श्री. राजेंद्र केरकर पेशाने शिक्षक. विवेकानंद पर्यावरण जागृती फौजेच्या माध्यमातून त्यांनी म्हादईच्या खोऱ्यातील रान, नद्या आणि लोकपरंपरा यांसाठी अनेक वर्षे काम केले. शिक्षकाचे कसब, म्हणजे समजावून सांगणे आणि लिहिणे, त्यांनी रानासाठी वापरले. आपल्या मुलांनी त्यांचे लेख अवश्य वाचावेत.

६. पालकांनी विचारावयाचे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी अशा सेवेसाठी जाऊ इच्छित असेल, तर रागावण्यापूर्वी किंवा होकार देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत.

१) हे काम तेथील लोकांनी मागितले आहे का? की संस्थेला नुसते पाहुणे हवे आहेत? स्वयंसेवकांकडून मोठी रक्कम घेऊन वानरांच्या पिल्लांबरोबर छायाचित्रे काढू देणाऱ्या जागांपासून दूर राहावे.

२) तेच काम पगारावर करणारा स्थानिक माणूस उपलब्ध आहे का? असल्यास आपण त्याची जागा तर घेत नाही ना?

३) संस्थेची नोंदणी, वार्षिक अहवाल आणि तपासलेले हिशेब पाहायला मिळतात का? संयुक्त राष्ट्रसंघाचा स्वयंसेवक विभाग १९७० सालापासून आहे. तेथे शिक्षण आणि अनुभव पाहून निवड होते. इतर संस्थांनीही तेवढी चौकशी करावी, अशी अपेक्षा ठेवावी. जी संस्था आपल्याला काहीच विचारत नाही, तिच्याविषयी सावध असावे.

४) व्हिसा कोणता? अनेक देशांत पर्यटक व्हिसावर विनावेतन कामसुद्धा चालत नाही. संस्थेकडून हे लेखी घ्यावे.

५) आरोग्याचे काय? दक्षिण अमेरिका व आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती अधिकृत केंद्रावरच मिळते, आणि तिचा दाखला घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो. तेथून भारतात परततानाही तो दाखवावा लागतो. बोर्निओसारख्या ठिकाणी हिवतापापासून जपावे लागते. रानातले आजार आपल्यालाही नवे नाहीत. गोचिडीपासून होणारा माकडताप २०१५ पासून सत्तरीत आणि पुढे दोडामार्गातही आढळला आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करणे, मेलेल्या माकडाला हात न लावणे या सवयी येथूनच लावाव्यात.

६) घरचा खर्च सहा महिने कसा चालेल? हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. घराला अडचणीत टाकून केलेली सेवा फार दिवस टिकत नाही.

७) आपण परत आल्यावर ते काम कोण चालवील? माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

७. लहान मुलांनी काय करावे?

तुमच्याकडे अजून पदवी नाही म्हणून निराश होऊ नका. १९८७ साली स्वीडनमधील एका लहान गावातल्या प्राथमिक शाळेत वर्षावनाचा धडा चालू होता. ही राने झपाट्याने नाहीशी होत आहेत हे ऐकून एका मुलाने विचारले, "आपण ते रान विकत घेऊ शकत नाही का?" बाईंनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. मुलांनी गाणी, नाटुकली, वस्तूंची विक्री करून पैसे जमवले आणि मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात रानाचा पहिला तुकडा घेतला गेला. पुढे ४४ देशांतील मुलांनी त्यात भर घातली. आज ते 'मुलांचे चिरंतन वर्षावन' सुमारे २२ हजार हेक्टरांवर पसरले असून त्या देशातील सर्वांत मोठे खासगी राखीव रान आहे. तेथील स्थानिक संस्था त्याची व्यवस्था पाहते. पैसे दुरून आले, पण राखण तेथल्याच माणसांनी केली, हे लक्षात ठेवावे.

विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती आहे की आकेशिया लावलेल्या त्या सड्याचा एक तुकडा मोकळा करून त्यावर पुन्हा गवत आणि रानफुले येतात का, हे पाहण्याची परवानगी शाळेला द्यावी. माझी चूक मुलांच्या डोळ्यांसमोर दुरुस्त झाली, तर तो त्यांच्यासाठी चांगला धडा ठरेल.

आता त्या मुलीविषयी. गेल्या महिन्यात बाप-लेक दोघेही पुन्हा आले होते. कार्यालयाने तिला सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर केली आहे आणि कर्जाच्या हप्त्यांची रक्कम तिने बाजूला काढून ठेवली आहे. वडिलांनी या वेळी वेगळा प्रश्न विचारला. "ही गेली म्हणजे सोलांची वही कोण लिहिणार?" मुलगी म्हणाली, "बाबा, मार्चपासून ती मावशीच लिहिते. मी फक्त बेरीज तपासते, आणि गेले दोन महिने तिची एकही चूक निघाली नाही."

मी त्याच दिवशी शिफारसपत्र लिहून दिले.

स्वाध्याय

१) आपल्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीचे आहे? ती कोणत्या डोंगरातून येते, हे घरातील मोठ्यांना विचारून लिहा.

२) आपल्या घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचे एक कसब लिहा. (उदा. शिवण, गवंडीकाम, गाडी दुरुस्ती, सुईण, हिशेब.) ते रान राखण्यासाठी कसे उपयोगी पडेल, याविषयी दोन वाक्ये लिहा.

३) आपल्या गावातील पाच रानझाडांची नावे मराठी, कोकणी आणि हिंदीतून मिळवा. नाव सांगणाऱ्या व्यक्तीचेही नाव लिहून तिचे आभार माना.

४) आपल्या पंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही आहे का, याची पालकांसोबत जाऊन चौकशी करा. ती वाचायला मागा, आणि तिच्यात काय राहून गेले आहे ते वर्गात सांगा.